श्रद्धा मनात असते की हातात?

पनवेलच्या सिनेगॉगचं नाव 'बेथ एल'. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचं घर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते उभं राहिलं. त्याच सुमारास अलिबाग, रेवदंडा, पेण अशा गावांतही बेने इस्राएलांनी आपापली प्रार्थनास्थळं बांधली. त्याआधी कित्येक शतकं हे लोक कोकणात राहत होते. पण त्यांच्याकडे सिनेगॉग नव्हतं, रब्बी नव्हता, धर्मग्रंथाची गुंडाळी नव्हती आणि हिब्रू वाचता येणारं माणूस नव्हतं. शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, एवढीच त्यांची ओळख. प्रार्थनास्थळं झाली तेव्हा त्यांना ते 'मशीद' म्हणू लागले. अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या एका खडकावर एलियाहू पैगंबराच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात. तिथल्या यात्रेला ते ऊरूस म्हणत आणि एलियाहूच्या नावानं जे ताट मांडतात त्याला मलिदा.

मलिद्याचं ताट कोकणातल्या कुणालाही परकं वाटणार नाही. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, वर फळं आणि खजूर. लग्नाआधी, नव्या घरात शिरताना, लांबच्या प्रवासाआधी, दुखण्यातून उठल्यावर किंवा बोललेला नवस फळल्यावर हे ताट मांडायचं, एलियाहू हन्नाबीची गाणी म्हणायची आणि प्रसाद वाटायचा. हाच शब्द दर्ग्यावर चढवायच्या पदार्थालाही आहे. मराठी वर्तमानपत्रांत तो कंत्राटदाराच्या खिशातून पुढाऱ्याच्या खिशात जाणाऱ्या पैशालाही आहे. पण तो भाग वेगळा.

आता हे ताट मांडणाऱ्या बाईला कुणी विचारलं की, 'एलियाहू पैगंबर खरोखर इथे येतो असं तुम्ही मानता का?', तर प्रश्न व्याकरणानं बरोबर आहे, पण काहीतरी बसत नाही. वाढदिवसाला ओवाळणाऱ्या आईला 'या तबकातल्या दिव्यानं आयुष्य वाढतं असं तुमचं मत आहे का?' असं विचारण्यासारखं ते आहे. ती हो म्हणेल, हसेल किंवा रागावेल. तिच्या उत्तरावरून तिच्या ओवाळण्याबद्दल आपल्याला फार काही कळणार नाही.

मराठीत गेली तीस-चाळीस वर्षं श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवर जे लिहिलं गेलं, त्यातला बराचसा भाग असाच प्रश्न विचारतो. त्या लेखनाचं आपल्यावर मोठं ऋण आहे आणि त्यासाठी एका माणसानं जीव दिला आहे. म्हणून तर त्याच्याकडे समीक्षेच्या नजरेनं पाहायला हवं. नुसतं अभिवादन करून बाजूला ठेवलेलं लेखन लवकर मरतं.

*

या लेखनात ढोबळमानानं दोन बाजू दिसतात. पहिली दि. य. देशपांडे यांची. १९९० साली नागपुरात त्यांनी सुरू केलेल्या 'आजचा सुधारक' या मासिकातून त्यांनी विवेकवादाची शिस्तबद्ध मांडणी केली. त्यांच्या मते श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवाय किंवा पुराव्याविरुद्ध ठेवलेला विश्वास. एकदा ही व्याख्या मान्य केली की 'डोळस श्रद्धा' हा शब्दप्रयोगच बाद होतो. पुरावा असेल तर ते ज्ञान, नसेल तर तो आंधळेपणा. मधली जागा नाही. डॉ. श्रीराम लागू याच बाजूचे. परमेश्वराला आता रिटायर करावं असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि त्यापायी रोष पत्करला.

दुसरी बाजू डॉ. नरेंद्र दाभोलकरांची. लागू आणि दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसून हा वाद-संवाद महाराष्ट्रभर करत असत. वाद खरा होता आणि दोघं मित्र होते, हे आजच्या वातावरणात मुद्दाम नोंदवण्यासारखं आहे. दाभोलकर देव आणि धर्म यांना सरसकट नाकारत नव्हते. त्यांच्या मते श्रद्धा माणसाला मूल्यांकडे आणि कृतीकडे नेते, ती तपासणीला तयार असते. तपासणी नाकारणारी आणि शोषणाला वाट करून देणारी ती अंधश्रद्धा. १९८९ साली त्यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं कामही या भेदावर उभं आहे. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि परिवर्तनाच्या इतर चळवळींशी नातं, अशी तिची चार सूत्रं.

लागूंनी दाभोलकरांना घातलेला पेच सोपा होता: तपासून उरते ती श्रद्धा असेल, तर तिला श्रद्धा का म्हणायचं? विचार म्हणा, मूल्य म्हणा. या पेचातून दाभोलकरांची व्याख्या पूर्णपणे सुटत नाही. 'जे चांगलं ते श्रद्धा, जे वाईट ते अंधश्रद्धा' अशी ती घसरत जाते. व्यवहारात तिचा मोठा उपयोग झाला, कारण वारीला जाणाऱ्या माणसाला शत्रू न करता भोंदू बाबाला उघडं पाडता आलं. पण उपयोगी असणं आणि तर्काला टिकणं या दोन गोष्टी आहेत.

दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र न बोलता धरून चालतात. श्रद्धा म्हणजे डोक्यात असलेलं एक विधान, आणि माणसाचं वागणं हा त्या विधानाचा परिणाम. आधी 'देव आहे' असं मत, मग पूजा. एका बाजूला ते मत खोटं ठरवायचं असतं, दुसऱ्या बाजूला त्याची गाळणी करायची असते. श्रद्धा मुळात मताच्या जातीची वस्तू आहे का, हा प्रश्न मागे राहतो. शब्दाच्या व्युत्पत्तीत पाहिलं तर संस्कृत 'श्रद्धा' म्हणजे हृदय ठेवणं, अशी फोड पुष्कळ अभ्यासकांनी मान्य केली आहे. हिब्रूतल्या 'एमुना' या शब्दाचा रोखही मतापेक्षा निष्ठेकडे आणि भरवशाकडे जातो. व्युत्पत्तीनं काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न विचारायला ती पुरेशी आहे.

*

इथे बेने इस्राएलांचा इतिहास मोलाचा ठरतो. मत आणि आचार यांची इतकी स्वच्छ फारकत इतिहासात सहसा आढळत नाही.

त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे कितीतरी पिढ्यांनंतर दाविद रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ आला आणि हे लोक आपल्यातले आहेत का, हे पाहायला त्यानं युक्ती केली. बायकांच्या हाती मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. ते आम्ही खात नाही म्हणाल्या. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. रहाबीची खात्री पटली आणि तो त्यांना शिकवायला लागला.

ही कथा घडली तशीच घडली का, यावर इतिहासकार वाद घालतात. कथा म्हणून ती काय मानते ते पाहण्यासारखं आहे. रहाबी 'तुमचा देव कोणता?' असं विचारत नाही, 'जग कुणी निर्माण केलं?' असंही विचारत नाही. तो मासळी देतो. धर्म कुठे सापडेल तर तो डोक्यात नाही, कोळणीकडून घेतलेल्या वाट्यातून मासा निवडणाऱ्या हातात, असं ही कथा गृहीत धरते.

या समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहिला. १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून झालेलं हे पुस्तक छापून आलं ते थेट १९३७ साली, तेल अवीवमधून. त्यातली सणांची यादी वाचावी. 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा रोजा', 'दार फाळणीचा सण'. नावं अस्सल कोकणी, आणि त्यांमागे तिष्री महिन्यातलं नववर्ष, मंदिराच्या नाशाचा उपवास, प्रायश्चित्ताचा दिवस. सगळ्यांत विलक्षण नाव 'अनशी ढाकायच्या सणा'चं. घरात कालवणासाठी ठेवलेल्या आंबट रसाचं भांडं या सणाच्या दिवसांत झाकून ठेवायचं. हा म्हणजे पासोव्हर. त्या सणात यहुद्यांना आंबवलेलं काही चालत नाही, घरात खमीर ठेवायचं नाही. कोकणात भात आणि भाकरी. पावाचं खमीर घरात असणार कुठून? आंबट म्हणून जे होतं त्याच्यावर झाकण ठेवलं गेलं. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका, घाईत भाजलेली बिनखमिराची भाकर ही सगळी कथा विसरली गेली होती. झाकण तेवढं विसरलं गेलं नव्हतं.

प्रार्थना म्हणावी तर 'शेमा' हे एकच वचन त्यांच्या तोंडी उरलं होतं. देव एक आहे असं सांगणारं ते विधान, म्हणजे हवं ते विधान मिळालं म्हणायचं. पण ते हिब्रूत होतं आणि म्हणणाऱ्याला हिब्रू येत नव्हतं. सुंतेला, लग्नाला, मयताला ते म्हटलं जाई. ज्याचा अर्थ माहीत नाही असं विधान मनात 'मानलेलं' असू शकतं का? देशपांडे यांच्या व्याख्येत याला जागा नाही. हे पुराव्याशिवाय मानणं नव्हे, कारण मानायला मुळात विधानच हाती नाही.

पुढे अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. जुना करार मराठीत आला. हे लोक ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची आशा होती. लोकांनी व्याकरण घेतलं, ग्रंथ घेतला, शाळा घेतल्या. ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. नवा सिद्धान्त समजावून दिला की माणूस धर्म बदलतो, हा हिशेब चुकला. चुकला याचं कारण तो धर्माला मतांची बेरीज समजत होता.

*

आता केहिमकरांचं पुस्तक समीक्षकाच्या नजरेनं वाचलं तर त्यात एक ताण जाणवतो. त्यांना सिद्ध करायचं आहे की आपण खरे इस्राएल आहोत. म्हणून प्रत्येक चालीचं ते दोन खणांत वाटप करतात. एका खणात प्राचीन इस्राएलचा अवशेष, दुसऱ्यात शेजाऱ्यांच्या संगतीनं लागलेली सवय. मलिद्याचा सांधा प्राचीन अर्पणविधींशी जुळवला जातो. हनुक्काचा सण पाळला जात नसे, याचा अर्थ पूर्वज तो सण सुरू होण्याआधीच मायदेश सोडून निघाले होते, असा पुरावा होतो. विसरणंसुद्धा पुराव्यात जमा!

आपल्या समाजाबद्दल प्रेम असलेल्या, परकीयांच्या संशयाला उत्तर देणाऱ्या माणसानं असं लिहिणं समजण्यासारखं आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. झाकलेल्या भांड्याची हकीकत आपल्यापर्यंत पोचते ती ज्यांच्या हाती आता ग्रंथ होता अशांच्या लेखणीतून. भांडं झाकणाऱ्या बायकांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या मनात काही नव्हतं, असं म्हणणं हाही आपलाच तर्क. 'आईनं झाकलं म्हणून मी झाकते' हेही मत आहे, आणि तसं पाहिलं तर बरंच भक्कम मत आहे. तेव्हा 'निव्वळ आचार, मत शून्य' असं चित्र रंगवणाऱ्यानं जरा जपून असावं.

तरीही आचाराच्या बाजूनं बोलायला आधार पुष्कळ आहे. जर्मन यहुदी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांनी १७८३ च्या 'जेरुसलेम' या ग्रंथात म्हटलं होतं की यहुदी धर्मात देवानं कायदा दिला, सिद्धान्त दिले नाहीत. काय करावं ते सांगितलं, काय मानावं याची सक्ती केली नाही. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये मनाबद्दलच असा मुद्दा मांडला. मन म्हणजे डोक्याच्या आत बसलेला, आधी विधान वाचून मग हातपाय हलवणारा कुणी भूतोबा नव्हे. करता येणं हे माहीत असण्याचं दुय्यम रूप नव्हे. पोहणारा आधी सिद्धान्त म्हणून मग पोहत नाही. मासा निवडणारीही आधी शास्त्रवचन आठवून मग खवले पाहत नाही. तिचं ज्ञान तिच्या निवडण्यातच आहे.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. धर्म म्हणजे आचार, विवेकवाद्यांनी विधानाच्या मागे लागून चुकीचं दार ठोठावलं, असं म्हणून लेख संपवता आला असता. अनेक जण इथेच थांबतात, आणि ते थांबणं धोक्याचं आहे.

*

धोका असा. धर्म विधान करतच नाही म्हटलं की तो खोटा ठरू शकत नाही, आणि खोटा ठरू न शकणाऱ्याला जाब विचारता येत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या निवडणुकांच्या खटल्यांत हिंदुत्वाला जीवनपद्धती म्हटलं. त्या शब्दांचा पुढे राजकारणात कसा वापर झाला ते आपण पाहिलं आहे. 'ही तर आमची जगण्याची रीत' या वाक्याला पुरावा लागत नाही, उत्तर देता येत नाही आणि त्यातून बाहेर पडायलाही वाव राहत नाही. मत बदलता येतं. रीत मोडली की माणूसच परका होतो.

बेने इस्राएलांच्या आचारात मासळीची निवड होती, तशीच आणखी एक निवड होती. समाजात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग होते. ज्यांची आई किंवा आजी इस्राएल नव्हती असं मानलं जाई ते काळे. त्यांच्याशी सोयरीक होत नसे, पंगतही वेगळी. कातडीच्या रंगाचा इथे संबंध नव्हता. कुळाच्या शुद्धतेला दिलेलं ते नाव होतं. ही गोष्ट कुणी ग्रंथातून वाचून केली नव्हती, ग्रंथ तर नव्हताच. तीही हातातच होती. ताटाच्या अंतरात, भांड्याच्या वेगळेपणात. ज्या शेजाऱ्यांकडून मलिदा आणि ऊरूस हे शब्द आले, त्याच परिसरातून हेही आलं. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवरचा अनुभव लिहिला, त्यात भक्तीच्या ओलाव्याबरोबर त्यांना दिसल्या त्या जातवार चाललेल्या दिंड्या आणि वेगवेगळ्या चुली. विठ्ठलापुढे सगळे सारखे हे विधान सगळ्यांना तोंडपाठ होतं. चुलींना ते ऐकू येत नव्हतं.

आचाराची भाबडी स्तुती करणाऱ्यानं या चुलीसमोर थोडं बसावं. हात जसं सांभाळून ठेवतो, तसंच दूरही लोटतो. आणि हाताला त्याचं कारण विचारायचं झालं तर विधानच लागतं. 'काळे इस्राएल कमी प्रतीचे आहेत' हे कुणीतरी वाक्य करून मांडल्याशिवाय ते चूक आहे असं म्हणता येत नाही. विवेकवाद्यांच्या प्रश्नाचं मोल इथे कळतं. ते जेव्हा विचारतात, 'तुम्ही नेमकं काय मानता?' तेव्हा ते कधी कधी चुकीच्या दारावर असतात हे खरं. पण हा प्रश्न विचारायची सोयच गेली तर दुर्बळाच्या हातात काही उरत नाही.

इतिहासानं या समाजाची आणखी एक परीक्षा घेतली. स्वातंत्र्यानंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्रायलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बी मंडळानं आदेश काढला की बेने इस्राएलांचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या कुळाची जमेल तितकी मागची चौकशी करावी. शंका अशी की घटस्फोटाचे आणि पुनर्विवाहाचे शास्त्रीय नियम या लोकांना शतकानुशतकं माहीत नव्हते, तेव्हा संतती शास्त्रशुद्ध कशावरून? समाज रस्त्यावर आला, जेरुसलेममध्ये धरणं धरली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं हे लोक सर्व अर्थांनी यहुदी असल्याचा ठराव केला आणि त्यानंतर आदेशातून त्यांचं नाव काढलं गेलं.

दाविद रहाबीची परीक्षा आणि रब्बींची परीक्षा शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघंही श्रद्धा काय हे विचारत नाहीत. पण रहाबी माशांवरून ओळखतो आणि जवळ घेतो, रब्बी आजीच्या लग्नावरून ओळखतात आणि बाजूला ठेवतात. या दुसऱ्या परीक्षेतला प्रश्न बेने इस्राएलांना नवा नव्हता. 'तुझी आजी कोण होती?' हाच तर प्रश्न गोऱ्यांनी काळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला होता. म्हणजे श्रद्धा मनात आहे की हातात, एवढं ठरवून भागत नाही. हातातली असली तरी तिला जाब विचारायला मोजमाप हवंच.

*

ते मोजमाप शोधायला नवसाकडे वळावं लागेल, कारण नवसात मन आणि हात एकमेकांत गुंतलेले आहेत. मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं गेलं. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले असताना, सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असं ते बोलले आणि सुटल्यावर बांधलं, अशी परंपरा आहे. विवेकवादी इथे बरोबर बोट ठेवतो. जे सुटले नाहीत त्यांच्या नवसांचं काय? फळलेल्या नवसाचा मलिदा होतो, न फळलेल्याचा काहीच विधी नसतो. एका बाजूच्याच नोंदी ठेवणारी ही वही आहे. पुरावा म्हणून ती कवडीमोल, यात शंका नाही.

पण दिवेकरांनी ती वही पुरावा म्हणून मांडली होती का? सुटका झाल्यावर ते जे करतात ते ऋण फेडणं आहे. मरणातून परत आलेल्या माणसाला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात, आणि आभार मानायला समोर कुणीतरी लागतं. इथे विधान मागच्या दारानं आत येतं, हे मान्य करायला हवं. कृतज्ञतेला पत्ता लागतो. नास्तिक माणूस दुखण्यातून उठला की डॉक्टरचे, नर्सचे, घरच्यांचे आभार मानतो आणि तरी काहीतरी शिल्लक राहतं. ते कुणाला द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. श्रद्धाळू माणसाकडे त्या शिलकीसाठी एक नाव आहे. ते नाव खरं आहे का, याचा पुरावा तो देऊ शकत नाही. मात्र त्या नावानं तो जे करतो त्याचा खर्च तो स्वतःच्या खिशातून करतो, आणि खायला दुसऱ्यांना मिळतं.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, डागडुजी हवी, हे त्याला जाणवतं. पण तो शंका दाबतो, देवावर भरवसा ठेवतो, आणि मनापासून विश्वास बसल्यावर जहाज सोडतो. जहाज बुडतं, माणसं मरतात, मालक विम्याचे पैसे घेतो. त्याचा विश्वास खरा होता, यानं त्याचा गुन्हा कमी होत नाही. तो विश्वास बाळगायचा त्याला हक्क नव्हता, असं क्लिफर्ड म्हणतो. पुढे जाऊन तो कुणालाही, कधीही, पुराव्याशिवाय काहीही मानायला बंदी घालतो. देशपांडे यांची व्याख्या याच घराण्यातली. विल्यम जेम्स यांनी १८९६ साली त्याला उत्तर दिलं की काही निवडी अशा असतात, ज्यांत पुराव्याची वाट पाहत बसणं हीसुद्धा एक निवडच ठरते.

मला वाटतं, क्लिफर्डचा दाखला त्याच्या निष्कर्षापेक्षा जास्त शहाणा आहे. जहाजमालक आपल्याला दोषी वाटतो त्याचं कारण केवळ पुरावा नसणं हे नाही. जहाजात तो स्वतः बसलेला नाही, हे आहे. विश्वास त्याचा, जीव दुसऱ्यांचे आणि विमा त्याचा. दिवेकरांच्या नवसात हे तिन्ही एकाच माणसाकडे आहेत. काळ्या-गोऱ्यांच्या पंगतीत मात्र पुन्हा फाटे फुटतात. शुद्धतेचं समाधान एकाचं, आणि खालमान दुसऱ्याची.

दाभोलकरांच्या व्याख्येत जे नेमकेपणानं उतरलं नाही, ते त्यांच्या कायद्यात उतरलं आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. त्याचं लांबलचक नाव वाचावं. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा. त्यात 'अंधश्रद्धा' हा शब्दच नाही. अनेक वर्षांच्या वादात, माघारी घेतलेल्या मसुद्यांत तो गळून पडला. कार्यकर्त्यांना तेव्हा ती तडजोड वाटली असेल. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं ती मोठी प्रगती होती. अनुसूचीत १२ कृत्यं आहेत आणि एकही मत नाही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं हा गुन्हा आहे. मंत्रावर विश्वास असणं हा गुन्हा नाही. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा कायद्यानं स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. कायदा मांत्रिकाला विचारत नाही की तू काय मानतोस. तो विचारतो, विष कुणाच्या अंगात आहे आणि दक्षिणा कुणाच्या हातात. हाच तो जहाजमालकाला विचारायचा प्रश्न.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो क्लिफर्डनंच घेऊन ठेवला आहे. कोणताही विश्वास खासगी नसतो. जो माणूस छोट्या गोष्टीत पुराव्याशिवाय मानायला सरावतो, तो मोठ्या गोष्टीतही सरावतो आणि आपल्या मुलांनाही सरावतो. आज एलियाहूसाठी ताट, उद्या बाबासाठी मुलगी. लागूंचा आग्रह याच भीतीतून आला होता आणि महाराष्ट्रात ती भीती काल्पनिक नाही. पण ही घसरण आपोआप होत नाही. मलिदा मांडणाऱ्यांनी नरबळी दिला नाही. उलट पूर्ण पुराव्यानिशी विज्ञान शिकलेले लोक हुंडा घेतात, मुहूर्त पाहतात आणि मुलीनं परजातीत लग्न केलं की तिला दार बंद करतात. सवय लागते ती पुरावा न मागण्याची नव्हे. आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्यानं मोजली तरी चालते, ही ती सवय.

कायद्यानं ही सवय पूर्ण पकडली जात नाही. वेगळ्या पंगतीवर, मोडलेल्या सोयरिकीवर कलम लावता येत नाही. तिथे समितीचं तिसरं सूत्र लागतं, धर्माची विधायक चिकित्सा. पण ती 'देव आहे का?' या प्रश्नापासून सुरू केली तर घराघरांतली माणसं दार लावून घेतात, आणि 'ही आमची रीत' म्हणून सोडून दिली तर दार आतून बंदच राहतं. सुरुवात ताटापासून करावी. हे ताट कुणाच्या खर्चानं मांडलं आहे, पंगतीत कोण बसलं आहे, कोण उभं आहे आणि कुणाला आत बोलावलंच नाही? हे प्रश्न अश्रद्धाला विचारता येतात, श्रद्धाळूला समजतात, आणि त्यांची उत्तरं तपासायला आकाशात पाहावं लागत नाही.

आज कोकणात बेने इस्राएलांची घरं थोडी उरली आहेत. मलिदा मात्र इस्रायलमध्ये गेलेल्या घरांतही मांडला जातो. गोरे-काळे हा भेद तिथे पोचेपर्यंत जवळजवळ संपला होता. ज्या समाजानं अर्थ न कळता झाकण सांभाळलं, त्यानं अर्थ कळल्यावर पंगतीतली रेघ पुसली. दोन्ही कामं माणसांनीच केली. श्रद्धा मनात असते की हातात, या वादात मी हाताच्या बाजूचा आहे. पण हात काय करतो आहे हे पाहायला डोळे लागतात, आणि ते उघडे ठेवायला सांगणारे विवेकवादीच होते.